चंद्रभागेचे पाणी कोलाडला भेटले

पंढरपुरात राहायचे आणि नदीपासून लांब राहायचे, हे तसे जमणारे नाही. फजरच्या नमाजला निघालो की वाळवंटाकडे जाणारे भाविक भेटतात. पावसाळ्यात जुना दगडी पूल पाण्याखाली गेला की शाळेची, दवाखान्याची, बाजाराची सगळी वाट बदलते. तरीही आमच्या घराने कित्येक वर्षे ते जमवले होते. कारण आमच्या फुफीचा मुलगा नदीत गेला तो परत आला नाही.

सतरा वर्षांचा होता. मित्रांबरोबर पाण्यात उतरला. पाणी गुडघाभर दिसत होते, पण वाळू उपसून पडलेला खड्डा वरून दिसत नव्हता. त्याला पोहता येत नव्हते. त्या दिवसापासून घरात एकच नियम होता: मुलांनी नदीत पाय घालायचा नाही. दादीने तो केला नव्हता, आम्ही केला होता. आणि आम्हाला वाटत होते की मुलांना वाचवण्याचा हाच मार्ग आहे.

हा नियम मोडला तो एका बातमीमुळे. 21 मे 2024 रोजी उजनीच्या जलाशयात, करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान, प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, त्यांत लहान मुलेही होती. बोटीतला एक पोलीस अधिकारी पोहत काठाला आला. आपल्याच जिल्ह्यातली घटना, त्यामुळे चार दिवस घराघरांत तीच चर्चा होती. आमची थोरली तेव्हा दहावीची परीक्षा देऊन घरी होती. जेवताना तिने विचारले, "अब्बा, ते पोहता येत होतं म्हणूनच वाचले ना? मग तुम्ही आम्हाला पोहायला का शिकवत नाही?"

आम्ही नेहमीचे उत्तर देणार होतो. तेवढ्यात दादी बोलली. नातू गेल्यापासून नदीचे नावही न काढणारी दादी. म्हणाली, "त्याला आपण पाण्यापासून लांब ठेवलं. पाण्याने त्याला कुठे लांब ठेवलं? शिकव पोरांना."

मग आमच्याकडे उत्तर उरले नाही.

शिकणे हीसुद्धा अमानत

खरे तर हे आपल्याला नवे असायला नको. मुलांना पोहणे, तिरंदाजी आणि घोडेस्वारी शिकवावी, अशा अर्थाची ताकीद हजरत उमर (रजि.) यांच्या नावाने सांगितली जाते, आणि आपण ती जलशांतून अनेकदा ऐकलेली असते. सीरतच्या जुन्या ग्रंथांत अशीही रिवायत आहे की प्रेषित (स.) लहानपणी आईबरोबर नातलगांकडे मदीनेला गेले असताना तिथल्या विहिरीत पोहायला शिकले. वाळवंटाच्या मुलखात, जिथे वर्षभर वाहणारी नदी नाही, तिथे पोहण्याची ही कदर. आणि आपण भीमेच्या काठावर राहून मुलांना पाण्यापासून लपवतो.

पूर्वी आपल्या भागात प्रत्येक वाडी-वस्तीवर मुले विहिरीत पोहायला शिकत. कमरेला सुका भोपळा, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे तुकडे नाहीतर रिकामा डबा बांधला जाई आणि चाचा नाहीतर मामू वरून ढकलून देत. आठवड्याभरात पोरगे सुटे पोहू लागे. आता विहिरी आटल्या, बोअरवेल आल्या, आणि नदीकाठचे कोळी बांधव सोडले तर कितीतरी घरांत पोहता येणारा माणूस उरला नाही. मुलींचे तर विचारूच नका.

थोरली सुट्टीत सोलापूरला मामूंकडे राहिली आणि महिलांसाठी वेगळी वेळ असलेल्या तलावावर शिकली. धाकट्याने मामूंच्या बरोबर दुसऱ्या वेळी धडे घेतले. दिवाळीपर्यंत दोघेही सुटे पोहत होते. पण मामूंनी एक गोष्ट सांगितली ती मनात राहिली: "तलावातलं पोहणं निराळं आणि वाहत्या पाण्यातलं निराळं. तलाव तुम्हाला ओढत नाही." वाहते पाणी काय असते, हे जाणकारांच्या देखरेखीत पाहायचे असेल तर कोलाडला जा, असेही त्यांनीच सुचवले.

मुळशीचा वळसा

कोलाड रायगड जिल्ह्यात, कुंडलिका नदीच्या काठी. महाराष्ट्रात रबरी राफ्टमध्ये बसून फेसाळ पाण्यातून वल्हवत जाण्याचा खेळ सर्वांत जास्त तिथेच चालतो. बाकीच्या कोकणी नद्या दिवाळीनंतर आटत जातात. कुंडलिकेला मात्र उन्हाळ्यातही जोर असतो. का असतो, हे आम्हाला वाटेत कळले, आणि ते कळल्यावर हा प्रवास नुसती सहल राहिला नाही.

डिसेंबरच्या सुट्टीत पंढरपूरहून पुण्याला आलो आणि तिथून पौडमार्गे ताम्हिणीच्या रस्त्याला लागलो. उजव्या-डाव्या हाताला सह्याद्रीचे डोंगर आणि मध्ये लांबच लांब पसरलेले मुळशीचे पाणी. चहाला थांबलो तेव्हा धाकट्याने नकाशा काढून विचारले, "ही नदी कुठली?" मुळा नदी. मुळा पुण्यात मुठेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमा उजनीत येते आणि उजनीतून खाली पंढरपूरला. म्हणजे आम्ही आमच्याच नदीच्या एका माहेरी उभे होतो.

पण हे पाणी पंढरपूरला येत नाही. मुळशीचे धरण टाटांच्या वीज कंपनीने बांधले. तलावातले पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला नेले जाते आणि सुमारे अर्धा किलोमीटर उंचीवरून खाली कोकणात भिरा येथील वीजघरावर सोडले जाते. भिऱ्याचे वीजघर 1927 साली सुरू झाले. त्याआधी 1915 मध्ये खोपोलीचे आणि 1922 मध्ये भिवपुरीचे. खोपोलीला जाणारे पाणी लोणावळा, वळवण या तलावांतले, म्हणजे इंद्रायणीच्या वरच्या अंगाचे. मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वे या विजेवर चालल्या. वीज तयार करून झाल्यावर भिऱ्याचे पाणी कुंडलिकेत सोडले जाते. कुंडलिकेचा उन्हाळ्यातला जोर तो हाच: पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे निघालेले भीमेच्या खोऱ्यातले पाणी, वळून पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाताना.

हे पाणी किती? कृष्णा पाणी तंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, टाटांच्या धरणांतून पश्चिमेला वळवायच्या पाण्याची जी मर्यादा घातली ती सरासरीने वर्षाला सुमारे 42 टीएमसी येते. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण 2,830 कोटी लिटर. तुलनेसाठी उजनी घ्या. उजनीची एकूण साठवण सुमारे 117 टीएमसी आहे, पण त्यातला निम्म्याहून जास्त साठा मृतसाठा आहे; वापरता येणारे पाणी 53-54 टीएमसी. म्हणजे उजनीच्या वापरातल्या पाण्याच्या पाऊण हिश्शाहून जास्त पाणी दरवर्षी पश्चिमेला उतरते. ते पूर्वेला परत आणावे, ही मागणी सोलापूर जिल्ह्यात अधूनमधून उठते. पण त्या पाण्यावर आता रोहा-अलिबागकडची शेती, गावांच्या पाणी योजना आणि कारखानेही उभे आहेत. शंभर वर्षांत एका नदीचे घर मोडून दुसऱ्या नदीचे घर बसले आहे. कोणाचे पुन्हा मोडायचे, हा प्रश्न सोपा नाही.

मुळशीचे घर मोडले तेव्हाही ते मुकाट्याने मोडले नव्हते. 1921 मध्ये रामनवमीच्या दिवशी मावळच्या शेतकऱ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह सुरू केला. तीन वर्षे तो चालला. त्याचे नेते सेनापती बापट. त्यांचे नाव पांडुरंग महादेव बापट. धरणाविरुद्धच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या लोकलढ्यांमध्ये मुळशीचे नाव घेतले जाते. लढा हरला, गावे पाण्याखाली गेली. चहाचा कप हातात घेऊन आम्ही त्या निळ्या पाण्याकडे पाहत होतो आणि थोरली म्हणाली, "म्हणजे उद्या आम्ही ज्या पाण्यात उतरणार, ते खरं तर आपल्या घराकडे यायला निघालं होतं."

दादी गाडीतच बसून होती. तिने खिडकीतून पाण्याला एकदा पाहिले आणि तसबीह पुढे ओढली.

बिस्मिल्लाह करून पाण्यात

राफ्टिंग सकाळीच का? तर वीज तयार झाल्यावर पाणी सुटते, ते सकाळच्या वेळेला साजे गावापाशी पोहोचते. पाणी सुटले नाही तर राफ्ट दगडांवर बसते. म्हणजे इथे नदी घड्याळावर चालते, आणि घड्याळ वीजघराच्या हातात आहे. आम्ही फजर अदा करून, हलका नाश्ता करून आठ वाजेपर्यंत काठावर होतो.

आमच्या वाचक बहिणींसाठी कपड्यांबद्दल सांगणे भाग आहे, कारण बाकी कोणी सांगत नाही. थोरलीने अंगाबरोबर बसणारी पूर्ण बाह्यांची कुर्ती, आत लेगिंग आणि वरून सैल पण आखूड ट्रॅकपॅन्ट घातली होती. लाईफ जॅकेट आल्यावर अंग पूर्ण झाकले जाते. स्कार्फ डोक्याला घट्ट बांधून त्याचे टोक आत खोचायचे. हेल्मेट त्यावर नीट बसते. टाचणी लावू नये, कारण आपटल्यावर ती टोचते. मोकळी ओढणी, घोळदार अबाया किंवा साडी घालून वाहत्या पाण्यात मुळीच उतरू नये. भिजलेले कापड पायाला गुंडाळते आणि झुडपात अडकते. फक्त आपल्या कुटुंबासाठी स्वतंत्र राफ्ट मागता येते. आम्ही आधीच फोन करून तशी सोय करून घेतली. पर्दा सांभाळायचा म्हणून मुलींना काठावर बसवायचे, याची गरज नसते. थोडी आखणी पुरते.

आमचा गाईड तिथल्याच गावातला, पंचविशीचा तरुण. वीस मिनिटे त्याने नुसते समजावून सांगितले. ते आमच्या मते साऱ्या प्रवासातले सर्वांत मोलाचे होते. म्हणून थोडक्यात इथे देतो.

फेसाळ पाण्याच्या जागेला रॅपिड म्हणतात. नदीचा उतार वाढला, पात्र अरुंद झाले किंवा तळाला मोठे दगड आले की तिथे पाणी उसळते. रॅपिडची एक ते सहा अशी प्रतवारी असते. एक म्हणजे जरा हलते पाणी, सहा म्हणजे जिवावर बेतणारे. कुंडलिकेतले बहुतेक दोन-तीनच्या घरातले आहेत. पावसाळ्यात जोर वाढतो. पाणी पांढरे दिसते कारण त्यात हवा मिसळलेली असते, आणि हवा मिसळलेल्या पाण्यात माणूस कमी तरंगतो. म्हणून पट्टीच्या पोहणाऱ्यानेही लाईफ जॅकेट घालायचेच. जॅकेटचे सगळे पट्टे इतके आवळायचे की खांद्याला धरून वर ओढले तरी ते हनुवटीपर्यंत सरकता कामा नये.

पाण्यात पडलात तर उभे राहायचे नाही. वाहत्या पाण्यात उभे राहिले की पाय दगडांच्या फटीत अडकतो, प्रवाह अंगावर येतो आणि गुडघाभर पाण्यातही माणूस खाली दाबला जातो. पाठीवर पडायचे, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेला, बोटे पाण्याच्या वर. दगड आला तर पायाने ढकलायचा. मग तिरके हात मारत काठाकडे सरकायचे. प्रवाहाच्या सरळ उलट पोहायचे नाही. मोठ्या दगडाच्या पाठीमागे पाणी संथ असते, तिथे आसरा मिळतो.

आणि दुसऱ्याला आत ओढताना हाताला धरायचे नाही. जॅकेटचे खांद्यावरचे दोन पट्टे धरायचे, गुडघे राफ्टच्या कडेला टेकवायचे आणि आपण मागे पडायचे; समोरचा आपोआप आत येतो.

धाकट्याने हे सगळे पाठ म्हणून दाखवले. आम्ही मान डोलावली. आम्हाला अजूनही पोहता येत नव्हते. मुलांना शिकवले, स्वतः मात्र कामाचे निमित्त सांगत राहिलो. गाईडला तसे सांगितले, तर तो म्हणाला, "जॅकेट आहे काका, आणि मी आहे. फक्त मी सांगेन ते लगेच करायचं."

बिस्मिल्लाह करून निघालो. साजेपासून कामथपर्यंत साधारण बारा किलोमीटर. गाईड मागे बसून राफ्ट वळवतो आणि हुकूम देतो: फॉरवर्ड, बॅक, स्टॉप. सगळ्यांनी एकाच वेळी वल्हे मारायचे. पहिला रॅपिड हसत-ओरडत पार झाला. दुसऱ्याला अंगावर पाण्याची भिंत आली, डिसेंबरचे गार पाणी, आणि आम्ही सगळे भिजून हसत बाहेर पडलो. तिसऱ्याला राफ्ट एका दगडावर तिरकी चढली. गाईड ओरडला, "उजवीकडे झुका!" आम्ही डावीकडे झुकलो.

पाण्याखाली आवाज नसतो, एवढे आठवते. नाकात पाणी, डोळ्यांपुढे पांढरे. आणि एका क्षणात फुफीच्या मुलाचा चेहरा. मग जॅकेटने वर उचलले. पाय खाली टेकवायची इतकी ओढ होती की काय सांगावे. सारे अंग म्हणत होते, उभा राहा. तेवढ्यात वरून थोरलीचा आवाज आला, "अब्बा, पाय वर! पाय वर करा!" पाय वर केले. पाठीवर पडलो. राफ्ट खाली संथ पाण्यात आमची वाट पाहत वळली होती. थोरलीने वल्हे टाकून आमच्या जॅकेटचे दोन्ही पट्टे धरले, गुडघे टेकवले आणि मागे पडली. आम्ही तिच्या पायांशी राफ्टमध्ये येऊन पडलो. गाईड मदतीला पुढे सरकला होता, पण त्याला हात लावावा लागला नाही.

कोणी काही बोलले नाही. धाकटा हसत होता आणि रडतही होता. सोळा वर्षांची पोर ओल्या स्कार्फमधून आमच्याकडे पाहत होती. ज्या मुलीला वाचवायचे म्हणून आम्ही नियम केला होता, तिनेच आम्हाला पाण्यातून ओढून काढले.

कामथला दादी काठावर खुर्ची टाकून बसली होती. थोरलीने सगळे सांगितले. दादीने तिच्या ओल्या कपाळावर हात ठेवला, ओठांनी काहीतरी पुटपुटली आणि आम्हाला म्हणाली, "आता तू शीक."

जिथे नद्या पुन्हा वाहिल्या

कुंडलिकेचा आनंद घेतला, पण परत येताना मनात एक गोष्ट होती: ही नदी धरणाच्या पाण्यावर जिवंत आहे. स्वतःच्या मर्जीने वाहणाऱ्या नद्या आता जगात किती उरल्या? आणि बांधलेली नदी पुन्हा मोकळी होते का?

होते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एल्वा नावाची डोंगरी नदी आहे. तिच्यावर दोन धरणे होती, पहिले 1913 चे, दुसरे 1927 चे, म्हणजे भिऱ्याचे वीजघर सुरू झाले त्याच वर्षाचे. समुद्रातून वर अंडी घालायला येणारे सामन मासे धरणाच्या भिंतीला येऊन थबकत. नदीकाठचा मूळ आदिवासी समाज दशकानुदशके मागणी करत राहिला. 2011 मध्ये धरणे उतरवायला सुरुवात झाली आणि 2014 मध्ये काम संपले. मासे वर चढू लागले, अडकलेली वाळू समुद्राकडे गेली, मुखाशी नवा किनारा तयार झाला, आणि ज्या घळीत जलाशयाचे थिजलेले पाणी होते तिथून आज वल्हवणारे लोक खाली उतरतात.

काही ठिकाणी लोकांनी नदी बांधूच दिली नाही. अल्बानिया हा मुस्लिम बहुसंख्य असलेला युरोपातला छोटा देश. तिथल्या वियोसा नदीवर धरणांच्या योजना होत्या. गावकरी, शास्त्रज्ञ, कलावंत अनेक वर्षे लढले. मार्च 2023 मध्ये सरकारने वियोसा आणि तिच्या उपनद्यांना राष्ट्रीय उद्यान जाहीर केले. युरोपातले हे पहिलेच मोकळ्या नदीचे उद्यान. पर्मेत गावाजवळ त्याच नदीत राफ्टिंग चालते आणि गावातल्या घरांना पाहुण्यांचे उत्पन्न मिळते.

आणि बोस्नियातल्या क्रुश्चित्सा गावाची गोष्ट तर आमच्या दादीला फार आवडली. 2017 च्या ऑगस्टमध्ये नदीवर छोटी जलविद्युत धरणे बांधायला यंत्रे आली, तेव्हा गावातल्या बायका पुलावर जाऊन बसल्या. पोलिसांनी मारले, तरी उठल्या नाहीत. ऊन, पाऊस, बर्फ. पाचशेहून अधिक दिवस आळीपाळीने पहारा दिला. 2018 च्या अखेरीस परवाने रद्द झाले. त्यांच्यातल्या माईदा बिलाल यांना 2021 मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. गावाचे पिण्याचे पाणी त्या नदीचे होते, म्हणून त्या बसल्या. खेळासाठी किंवा नावासाठी नाही.

पाणी, गवत आणि अग्नी यांत सगळ्या लोकांचा वाटा आहे, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपल्याला माहीत आहे. वाहत्या नदीकाठी बसून वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, हीसुद्धा. वाटा म्हणजे हक्क तसा सांभाळही.

आपली चंद्रभागा

मुळशीचे धरण उद्या उतरणार नाही, उजनी तर नाहीच. सोलापूर जिल्ह्याचा ऊस, डाळिंब आणि पिण्याचे पाणी उजनीवर आहे. पण नदी बांधलेली असली तरी तिला थोडे वाहू देता येते. भीमाशंकरला उगम पावून कर्नाटकात कृष्णेला मिळेपर्यंत भीमा 861 किलोमीटर वाहते. पंढरपूरला तिने चंद्रकोरीसारखे वळण घेतले म्हणून ती चंद्रभागा. आज वर्षातला बराच काळ या कोरीत पाणी साचलेले असते, वाहत नसते. वारीच्या वेळी पाणी सोडले जाते, स्नान होते, मग पुन्हा डबकी, जलपर्णी आणि गटाराचे पाणी. 2016 मध्ये राज्य सरकारने 'नमामि चंद्रभागा' अभियान सुरू केले. अशा अभियानांचे यश घाटाच्या फरशीवर मोजायचे नसते. मैलापाणी शुद्ध होऊनच नदीत पडते का, वाळू उपसा थांबला का आणि पात्रात वर्षभर थोडी का होईना धार आहे का, या तीन गोष्टींवर ते मोजायचे असते. यासाठी नगरपालिकेच्या दारात वारकरी आणि आपण एकत्र उभे राहू शकतो. 2023 मध्ये आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी, 29 जूनला आली, तेव्हा राज्यात ठिकठिकाणच्या मुस्लिम बांधवांनी त्या दिवशीची कुर्बानी पुढे ढकलली. नदीसाठी एकत्र येणे त्याहून अवघड नाही.

आणि नदी आहे तशी असताना आपली माणसे तिच्यात जाऊ नयेत, एवढे तर आपल्या हातात आहे. कोलाडला शिकलो त्यातले काही पंढरपूरला तंतोतंत लागू पडते.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून पाणी पडत असेल तर त्याच्या पायथ्याशी कधीही पोहू नये. वरून पडणारे पाणी खाली जाऊन पुन्हा भिंतीकडे उलटे फिरते आणि माणसाला तिथेच गुरफटून ठेवते. वरून ते अगदी साधे दिसते, म्हणूनच जास्त धोक्याचे.

उजनी किंवा वीर धरणातून विसर्गाची बातमी आली की आकड्याचा अर्थ मुलांना समजावून सांगा. वीरचे पाणी नीरेतून नीरा नरसिंहपूरला भीमेत येते, म्हणजे उजनी शांत असली तरी पंढरपूरला पाणी वाढू शकते. एक लाख क्युसेक म्हणजे दर सेकंदाला 28 लाख लिटरहून जास्त पाणी. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. तेव्हा घाटावर सेल्फीला जायचे नसते आणि पाण्याखालच्या पुलावर मोटरसायकल घालायची नसते.

होडीत बसायचे तर लाईफ जॅकेट मागा. नाही म्हणाले तर बसू नका. नावाड्याशी वाद नको, अदबीने सांगा. गिऱ्हाईक मागू लागले की जॅकेटे येतील.

कोणी बुडताना दिसले तर पोहता येत नसताना उडी मारू नका. ओरडून माणसे गोळा करा, काठी, दोर, ओढणी, रिकामा घट्ट झाकणाचा कॅन, जे मिळेल ते त्याच्याकडे टाका. 112 किंवा 108 ला फोन करा. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगू नका, पोट दाबू नका. तो श्वास घेत नसेल तर तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे हाच उपाय आहे. ते अर्ध्या दिवसात शिकता येते; आपल्या मोहल्ल्यातल्या डॉक्टरांना सांगून जुम्याच्या नमाजनंतर एखादे शिबिर ठेवता येईल.

आणि मुलांना, मुलींनाही, पोहायला शिकवा. महिलांसाठी वेगळी वेळ हवी तर दहा घरांनी मिळून तलावाच्या व्यवस्थापकाकडे अर्ज द्या. एकट्याने मागितले तर नाही म्हणतात. दहा जणांना सहसा म्हणत नाहीत.

आम्ही आता दर रविवारी सोलापूरला जातो. वय पंचेचाळीस, पोटाला डबा बांधलेला, शेजारी दहा वर्षांची पोरे आमच्यावर हसतात. धाकटा काठावरून सूचना देतो. मागच्या महिन्यात पहिल्यांदा डबा सोडून एक फेरी मारली. घरी येऊन सांगितले तर दादी म्हणाली, "माशाअल्लाह. आता फुफीकडे जाऊन ये. तिलाही सांग."

गेलो. फुफीने सगळे ऐकून घेतले. बराच वेळ गप्प होती. मग आत जाऊन तिने धाकट्या नातवाला हाक मारली आणि विचारले, "तुझ्याबरोबर यालाही नेशील का?"

येत्या रविवारपासून तो आमच्याबरोबर येतो आहे. अल्लाह सगळ्यांच्या लेकरांना पाण्यातून सुखरूप काठाला आणो.